ओक्सनेस ते स्कार्विक, बारा मिनिटं

१

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. शाळा मी नववीत सोडली, वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर गेलो, आणि बोट विकल्यावर स्कार्विकच्या विमानतळावर लागलो. चार ओळींपेक्षा जास्त लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. चौकशीला आलेल्या लोकांनी मला एक फॉर्म दिला होता, पण मला जे सांगायचं होतं त्याला त्यात जागाच नव्हती. म्हणून हे वेगळ्या कागदांवर.

आमचा विमानतळ म्हणजे समुद्राला लागून आठशे मीटरची धावपट्टी, एक लाकडी इमारत, आणि तिच्या डोक्यावर काचेची खोली. त्या खोलीत गुन्वोरबाई बसतात आणि रेडिओवर विमानाशी बोलतात. खालचं बाकी सगळं मी करतो. बर्फ सारतो, प्रवाशांच्या बॅगा उतरवतो, विमान टेकताना आगीच्या बंबापाशी उभा राहतो, मग धावत जाऊन शिडी लावतो. आणि विमान यायच्या आधी मोजणीची गाडी घेऊन धावपट्टीवर फेरी मारतो. धावपट्टीचे तीन भाग धरायचे आणि चाकाला पकड किती मिळते ते प्रत्येक भागासाठी आकड्यात सांगायचं. पाच म्हणजे चांगली. एक म्हणजे चाकं घसरणार. मी सांगतो तो आकडा गुन्वोरबाई लिहून घेतात आणि वैमानिकाला वाचून दाखवतात. तो खरा की खोटा हे कोणी तपासत नाही. नववीत शाळा सोडलेल्या माणसाच्या शब्दावर विमान उतरतं, याचा मला फार अभिमान होता.

विमान दिवसातून एकच. सकाळी ते आमच्याकडून शहरात जातं, परतताना ओक्सनेसला थांबतं, आणि तिथून खाडी ओलांडून आमच्याकडे मुक्कामाला येतं. ओक्सनेस ते स्कार्विक सरळ रेषेत एकेचाळीस किलोमीटर. रस्त्यानं गेलात तर पूर्ण खाडीला वळसा घालावा लागतो, तीन तास. विमानाला बारा मिनिटं. मागून वारा असला तर अकरा.

त्या विमानात हवाई सेविका एकच, माझी बायको सुनिवा. तिनं माझ्यात काय पाहिलं ते गावाला कळलं नाही, आणि मलाही नाही. मी चारचौघांत बोलत नाही. ती अनोळखी म्हातारीशीही दोन मिनिटांत हसायला लागते. रोज एक वाजून सोळा मिनिटांनी मी शिडी लावायचो, दार उघडायचं, आणि ती सगळ्यांच्या आधी माझ्याकडे बघायची.

"काय रे आस्लाक," गुन्वोरबाई वरून रेडिओवर म्हणायच्या, "रोजचीच बायको ना ती? असा बघतोस, जशी काही अमेरिकेहून आलीय."

२

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सुनिवानं वाफल करताना मनगट भाजून घेतलं. पिठाच्या तापलेल्या लोखंडी साच्याची कडा लागली. करंगळीएवढा फोड आला. मी स्वतः त्यावर मलम लावलं, पट्टी बांधली, आणि ती गेली.

एक वाजून सोळा मिनिटांनी ती शिडीवरून उतरली तेव्हा मनगटावर पट्टी नव्हती.

"पट्टी कुठे गेली?"

"कुठली पट्टी?"

मी तिचा हात धरला. भाजल्याची खूण होती, पण पांढरी, गुळगुळीत, चकचकीत. माझ्या कोपरावर एक तशी खूण आहे, गळ लागल्याची. ती चौदा वर्षांची आहे.

"हे सकाळी भाजलं ना?"

ती मनगटाकडे बघत राहिली. आठवत नसलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "हो की. वाफल." आणि एका आजीबाईंची बॅग उचलायला वळली.

मी स्वतःची समजूत घातली. फोड मोठा नसेल. मलम चांगलं असेल. कातडी एकेकाची वेगळी असते. रात्री ती झोपल्यावर मी कचऱ्याच्या डब्यात मलमाची ट्यूब बघितली. सकाळचीच होती, दाबलेली, माझ्या अंगठ्याचा ठसा अजून तिच्यावर होता.

३

एकदा लक्ष गेलं की दिसतच राहतं. कपाळावरची बट सकाळी भुवईपर्यंत होती, दुपारी कानामागे जात होती. पुढच्या मंगळवारी नाकावर उन्हाचे ठिपके. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे गुडघाभर बर्फ असतो. तिच्या गणवेशाला वास यायला लागला, कापलेल्या गवताचा आणि धुराचा. मी तो कोट कपाटात टांगताना नाक लावून उभा राहायचो. घरात फ्रिजची घरघर आणि बाहेर वारा, एवढेच आवाज, आणि मी बायकोच्या कोटात तोंड घालून.

भांडी धुताना ती शीळ घालू लागली. सूर मला माहीत नव्हता. एकदा मी तोच सूर घालून बघितला, तर ती अशी वळली, अशा आनंदानं, आणि मला बघून तो आनंद चेहऱ्यावरून उतरला. तेवढंच. कोणाला सांगितलं तर हसतील. पण ते मी पाहिलं.

मग हातमोजा. सकाळी तिच्या पिशवीत करड्या लोकरीचा नवा गुंडा होता, सुया आणि काहीही न विणलेलं. दुपारी त्याच पिशवीत पूर्ण झालेला एक हातमोजा होता. मनगटाला दुहेरी वीण, जी तिला येत नव्हती. मी तो घालून बघितला. माझ्या बोटांच्या पुढे दोन बोटं जागा उरली.

माझा हात लहान नाही. मी आठ वर्षं दोर ओढलेत.

४

माणसाला संशय आला की तो आधी ओळखीच्या लोकांचा येतो. मला कॅप्टन स्वेर्रेचा आला. उंच, चाळिशीतला, घटस्फोट झालेला, आणि पंजे फावड्यासारखे. मी एक दिवस बॅगा उतरवताना त्याला विचारलं, "कॅप्टन, ओक्सनेसहून निघाल्यावर मधे काही होतं का?"

"मधे?" तो हसला. "अरे लेका, चाकं आत घेतो आणि परत बाहेर काढतो. मधे काही व्हायला वेळ कुठाय?"

त्याचे कातडी हातमोजे बॅगांवर ठेवलेले होते. मी ते मुद्दाम उचलून दिले, माप घेण्यासाठी. ते मलाही बसले असते.

मग मी काचेच्या खोलीत गेलो. गुन्वोरबाईंनी ब्राउन चीजची फोड तोंडात टाकली आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली. सहा आठवड्यांच्या वेळा. बारा मिनिटं. बारा. अकरा. बारा. एकदा तेरा, समोरून वारा होता.

"काय शोधतोयस?"

"काही नाही. मधे कुठे उतरता येईल का, बघत होतो."

"मधे समुद्र आहे, बाबा. सुनिवाशी भांडलास का?"

"नाही."

"तुझं तोंड सांगतंय." त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, तिचं हसणं सगळ्यांसाठी असतं. तो तिचा पगार आहे. घरी येते ना?"

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसलो आणि बारा मिनिटं मोजली. कॉफी उकळून प्यायलो, कप धुतला, तरी पाच मिनिटं उरली. त्या पाच मिनिटांत मी ज्या ज्या गोष्टींचा विचार केला, त्या मी इथे लिहिणार नाही.

५

एका गुरुवारी मी सुट्टी घेतली. पहाटे निघून गाडीनं वळसा मारून ओक्सनेसला गेलो आणि तिकीट काढून विमानात चढलो. सुनिवा दारात उभी होती.

"आस्लाक? तू इथे कसा?"

"असंच. तुला काम करताना कधी बघितलं नाही."

"वेडाच आहेस." पण तिला आवडलं होतं. तिनं मला सगळ्यात पुढची जागा दिली.

पुढे दाराजवळ तिची घडीची खुर्ची असते, तोंड प्रवाशांकडे. आमचे गुडघे जवळजवळ लागत होते. तिनं पट्टा बांधला, गोळ्यांची टोपली माझ्यापुढे धरली, मी एक घेतली. विमान उठलं. मी ठरवलं होतं की पापणी मिटायची नाही.

पहिली पाच मिनिटं खाडी, निळी-काळी, आणि दोन्ही काठांना बर्फ. माझ्यामागे कोणीतरी माशांच्या भावाबद्दल बोलत होतं. मग आम्ही ढगात शिरलो. पंख्यांचा आवाज बारीक झाला. थांबला नाही, लांब गेला, शेजारच्या घरात कोणी शिवणयंत्र चालवावं तसा. मागचं बोलणं मधेच तुटलं. मला वळून बघावंसं वाटलं आणि मी बघितलं नाही, कारण मी सुनिवाकडे बघत होतो.

ती दाराच्या छोट्या खिडकीतून खाली बघत होती. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. दिवसभराचं काम संपवून घराचं कुलूप उघडताना जो असतो तो.

मीही खिडकीतून बघितलं.

ढगाला भोक पडलं होतं. खाली समुद्र असायला हवा होता. खाली हिरवा उतार होता. दोरीवर धुणं वाळत होतं. एका घराच्या धुराड्यातून धूर सरळ वर येत होता, आणि भिंतीला लागून एक माणूस वर बघत उभा होता. उंच होता. इतक्या वरून इतकं स्पष्ट दिसत नाही, हे मला माहीत आहे. त्यानं हात वर केला होता, पण हलवत नव्हता. त्या हातात करडा हातमोजा होता. दुसरा हात उघडा होता.

मग ढग मिटला.

मी मान वळवली तेव्हा सुनिवा पट्टा सोडत होती, विमान धावपट्टीवर धावत होतं आणि मागचा माणूस म्हणत होता, "...किलोला चार क्रोनर कमीच दिले." चढताना मानेपर्यंत असलेले तिचे केस आता खांद्याला लागत होते. तिनं माझ्याकडे बघितलं. दोन-तीन क्षण तिला कळलंच नाही मी कोण ते.

माझ्या तोंडातली गोळी अजून विरघळली नव्हती.

मी पहाटेपासून जागा होतो. तीन तास गाडी चालवली होती. ढगात माणसाला काहीही दिसतं. वडिलांना एकदा धुक्यात चर्च दिसलं होतं. हे सगळं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं, आणि जेवताना तिला विचारलं, "तो कोण आहे?"

६

ती "कोण?" म्हणाली नाही. तिनं काटा खाली ठेवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"त्याच्यासाठी हातमोजे विणतेस आणि माहीत नाही?"

"खरंच नाही रे. उतरले की सगळं जातं. एवढंच वाटतं की मी फार दिवस कुठेतरी होते, आणि ते दिवस वाईट नव्हते. अंग दुखत असतं, पण चांगलं काम केल्यावर दुखतं तसं. मग दार उघडतं आणि खाली तू उभा असतोस. आधी पिवळं जाकीट दिसतं. मग तुझं नाव आठवतं. मग माझं."

"म्हणजे तिथे मी आठवतच नाही."

"आस्लाक, मी परत येते ना?"

"किती दिवसांनी?"

 तिनं बोटांवर मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं, आणि मला जे ऐकायचं नव्हतं ते मी तिच्या बोटांवरून ऐकलं.

 बटाटे थंड झाले. मग ती उठून माझ्या मागे आली आणि तिनं माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली.

"शाळेच्या स्वयंपाकघरात जागा आहे," ती म्हणाली. "मी सोमवारीच विचारून ठेवलंय. मला भीती वाटते रे. एक दिवस दार उघडेल आणि तू मला ओळखीचा वाटणार नाहीस. शनिवारची फेरी शेवटची. मग मी जमिनीवर. चालेल?"

चालेल का! मी रडलो. मला तेव्हा उठून गावभर सांगावंसं वाटत होतं की तिनं मला निवडलं.

७

शनिवारी सकाळी ती गेल्यावर मी तिची पिशवी जागेवर आहे का बघितलं. नव्हती. लोकर आणि सुया ती घेऊन गेली होती.

दुसरा हातमोजा. जोडी पुरी करायला. त्याचा निरोप घ्यायला.

खरं तर निरोप घेतला तर बिघडणार काय होतं? आज मी असा विचार करतो. त्या दिवशी बर्फ सारताना मी दुसराच विचार करत होतो. निरोप किती दिवसांचा? शेवटचा आहे म्हटल्यावर तो तिला किती थांबवेल? आणि मी इथे मोजणार बारा मिनिटं.

तेव्हा मला सुचलं. ओक्सनेसहून विमान एक वाजून चार मिनिटांनी उठतं. त्याआधी मी आकडा खराब सांगितला तर ते उठणारच नाही. प्रवाशांना बसमध्ये बसवतील आणि सुनिवा रस्त्यानं येईल, वळसा घालून. तिला तीन तास आणि मलाही तीन तास. त्या ढगातून ती जाणारच नाही. तो बसेल वर बघत, एका हातात हातमोजा घालून.

मी मोजणीची गाडी फिरवली. काटा तिन्ही भागांत पाचावर. ऊन पडलं होतं, डांबर जवळजवळ कोरडं होतं. एक वाजून दोन मिनिटांनी मी रेडिओ उचलला आणि म्हणालो, "एक, एक, एक."

"काय?" गुन्वोरबाई म्हणाल्या. "मला तर इथून पट्टी काळी दिसतेय."

"पातळ बर्फ आहे. पारदर्शक. दिसत नाही."

"बरं. तू म्हणतोस तर." कागदाचा आवाज आला. "मग त्यांना फिरवावं लागेल, बिचाऱ्यांना."

"फिरवावं? ते अजून तिकडेच असतील ना."

"छे. सगळे प्रवासी चढले होते, म्हणून लवकर निघाले. बारा चोपन्नला उठले. खाडीवर आहेत."

हे आमच्याकडे नेहमी होतं. सहा-सात प्रवासी, सगळे येऊन बसले की वैमानिक कशाला थांबेल? मी इतकी वर्षं हे रोज बघत होतो, आणि नेमकं त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, मी परत मोजतो. कोणी रागावलं नसतं. मी रेडिओचं बटण दाबलं. दाबून धरलं. बोलायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी खोटं सांगितलं. आणि त्याहून खरं म्हणजे, मला वाटलं, होऊ दे. तिलाही कळू दे, वाट बघायला लागली की कसं वाटतं.

मी बटण सोडलं.

गुन्वोरबाईंनी आकडा वाचला. कॅप्टन स्वेर्रे शांतपणे "कळलं, ओक्सनेसला परततो" म्हणाला. मग मला विमान दिसलं. आमच्या धावपट्टीच्या टोकाशी, चाकं काढलेलं, इतकं खाली की खिडक्या मोजता आल्या असत्या. मी शिडीपाशी उभा होतो. ते वर उचललं गेलं, डावीकडे वळलं आणि ढगात गेलं.

एक वाजून वीस मिनिटांनी ते ओक्सनेसला उतरलं. दार उघडलं नाही म्हणून शेवटी स्वेर्रेनं बाहेर येऊन ते स्वतः उघडलं. सहा प्रवासी. पुढच्या रांगेतल्या शिक्षिकेनं सांगितलं की सेविका बाई समोर बसल्या होत्या, त्यांनी गोळ्या दिल्या, विमान वळलं तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि "अगं बाई" असं काहीतरी म्हणाल्या. "घाबरून?" असं चौकशीवाल्यांनी विचारलं. "नाही," शिक्षिका म्हणाली, "उशीर झाला की म्हणतो तसं." त्यानंतर शिक्षिकेनं हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं होतं. मान वर केली तर समोरची खुर्ची घडी होऊन वर गेलेली होती, आणि तिथे कोणी नव्हतं. हवेत दार उघडलं नव्हतं. ते उघडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

संध्याकाळपर्यंत दोन बोटी आणि एक हेलिकॉप्टर खाडीवर फिरत होतं. त्यांना काही सापडणार नाही हे मला माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. कारण मग कसं माहीत ते सांगावं लागलं असतं.

८

दुसऱ्या दिवशी रविवार. चौकशी पूर्ण होईपर्यंत विमानं बंद, असा निरोप आला होता. मी सहा वाजता कामावर गेलो. पहाटे थोडा बर्फ पडला होता, बोटभर. मी ट्रक काढला आणि समुद्राकडच्या टोकापासून सुरुवात केली. कडेच्या दिव्यांभोवतीचा बर्फ फावड्यानं काढला, मग हातानं. मोजणीची गाडी तीनदा फिरवली.

काचेच्या खोलीत दिवा लागलेला होता. गुन्वोरबाई घरी गेल्याच नव्हत्या.

"आस्लाक," रेडिओ म्हणाला, "आज काही येणार नाही, बाबा. घरी जा. झोप."

"पकड लिहून घ्या," मी म्हणालो.

"कोणासाठी?"

"लिहा ना."

पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सांग."

"पाच, पाच, पाच. आणि कालचं खोडा. काल पण पाचच होते."

 काचेमागे त्या उभ्या राहिलेल्या दिसल्या, हात तोंडावर. मी मोजणीची गाडी लावली, शिडी काढली, विमान थांबतं त्या जागेवर ढकलत नेली आणि तिच्या चाकांना ब्रेक लावले. तेव्हा आठही वाजले नव्हते. मी तिथेच उभा राहिलो.